स्वभावाला औषध नसतं?

“मॅडम, राग हा त्यांचा स्वभावच आहे. आणि स्वभावाला औषध नसतं म्हणतात ना?” समुपदेशनाचं काम करताना हा प्रश्न मला सतत विचारला जातो. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, कधी आई. म्हणून जो नवरा स्वतःहून आला होता, त्याची हकिकत सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या आतले गृहस्थ, नाशिकच्या एका कारखान्यात सुपरवायझर. पत्नी सहा वर्षांच्या मुलीला घेऊन महिनाभर माहेरी होती. “तिला जरा समजावून सांगा,” हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं, “मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही.” ताट भिरकावलं होतं, कपाटाला पोचा पाडला होता, मोबाईल फोडला होता. यातलं काही मारण्यात मोडत नाही, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

पत्नीशी मी आधी एकटीशी बोलले. हे मी कधीच चुकवत नाही. मारहाण किंवा धमक्या असतील तर दोघांना समोरासमोर बसवणं धोक्याचं. माझ्यासमोर खरं बोलल्याची शिक्षा तिला घरी मिळू शकते. अशा वेळी आधी तिची सुरक्षितता बघायची. ती म्हणाली, “मला मारतील असं नाही वाटत. पण यांच्या गाडीचा आवाज आला की मुलगी टीव्ही बंद करते आणि दप्तर उघडून बसते. तिला कुणी सांगितलेलं नाही हो.”

तिच्या परवानगीने मी हे त्यांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. ‘तिला समजावा’ हे वाक्य त्यानंतर कधी आलं नाही.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉईड वाढलेलं असेल, झोप पुरत नसेल, दारू असेल तर चिडचिड वाढते. थायरॉईड ठीक होतं, झोप मात्र जेमतेम पाच तासांची. मग वही दिली: राग आला की वेळ, प्रसंग आणि त्या क्षणी मनात आलेलं वाक्य लिहायचं. दोन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. बऱ्याचशा संध्याकाळच्या, उपाशीपोटीच्या. पण मला महत्त्वाची वाटली ती वाक्यं. ‘मी घरी आलो की चहा मिळालाच पाहिजे.’ ‘तिने उलट बोलताच कामा नये.’ ‘फोन एका रिंगमध्ये उचललाच पाहिजे.’

अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाने १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचं हेच म्हणणं आहे: प्रसंगामागचा आपला हट्ट रागाचा भडका उडवतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात सापडतो. मी त्यांना वहीतल्या प्रत्येक ‘च’भोवती गोल करायला सांगितला. ‘चहा मिळाला तर बरं वाटेल’ असं वाक्य पुन्हा लिहायचं. पहिल्यांदा त्यांना हे पोरकट वाटलं. तिसऱ्या आठवड्यात ते म्हणाले, “साहेब ओरडतात तेव्हा मी हा ‘च’ लावत नाही. घरीच लावतो.” आवर घालता येतो, हे त्यांचं त्यांनाच दिसलं. इथून पुढचं काम सोपं नव्हतं, पण खरं होतं.

दुसरी गोष्ट थांबण्याची. छाती धडधडायला लागली की “मी गच्चीवर जातोय, अर्ध्या तासाने येतो” एवढं सांगून जायचं. न सांगता दार आपटून जाणं म्हणजे नवी शिक्षाच. भडकलेलं शरीर शांत व्हायला वीसेक मिनिटं तरी लागतात, आणि तेवढा वेळ ‘ती असं बोललीच कशी’ हे घोळवत बसलं तर काहीच शांत होत नाही. गाडी काढायची नाही. ठरल्या वेळी परत यायचं.

पत्नी परतल्यावर दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी रिमोट फेकला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला फोन करून सांगितलं, तिच्या आधी. मला तो फोन मोलाचा वाटतो.

ती परतली होती चार महिन्यांनी, स्वतःच्या अटींवर. कुणाच्याही आग्रहाने लवकर परतू नये, हे माझं मत ठाम आहे. मुलगी अजूनही टीव्हीचा आवाज कमी करते, बंद करत नाही.

नवरा यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या या. फोनवरून सुरुवात करायची तर ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाईनवर, १४४१६ वर, मराठीतून, विनामूल्य बोलता येतं. मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाईन १८१, जीव धोक्यात असेल तर सरळ ११२. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शिवीगाळ आणि मानसिक छळही येतो. अंगावर वळ दिसेपर्यंत थांबू नका.