रोजच्या वापराचे स्नीकर्स निवडताना

प्रश्न : मी कॉलेज रोडवरील एका दुकानात दिवसभर उभ्याने काम करते आणि संध्याकाळी गोदाघाटावर फिरायला जाते. रूप पाहून घेतलेल्या स्नीकर्समुळे अंगठा दुखू लागला आहे. नवा जोड घेताना काय पाहावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : रोज वापरायची वस्तू देखणी असावी, ही आपली इच्छा रास्तच आहे. मात्र खरेदीला संध्याकाळी जावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित सुजते आणि सकाळी नेमका बसलेला जोड रात्री आवळू लागतो. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत जोड चढवून उभे राहावे आणि सर्वांत लांब बोटापुढे (ते अंगठाच असेल असे नाही) सुमारे १ सेंटिमीटर जागा उरते का, हे पाहावे. आपला त्रास बहुधा पुढच्या अरुंद भागामुळे असावा. अशा वेळी नुसता मोठा नंबर घेतल्यास टाच निसटते, म्हणून रुंद पंजाचाच जोड मागावा. ‘वापरून सैल होईल’ या आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही.

जोड बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नव्हे. ईव्हीए फोमचा (एका प्रकारच्या कृत्रिम, स्पंजासारख्या पदार्थाचा) तळ हलका व मऊ असतो, परंतु वापराने दबत जातो. पावसाळ्यात घाटाच्या ओल्या फरशीसाठी खोल नक्षीचा रबरी तळच घ्यावा. जाळीदार कापडाचा जोड भिजल्यास आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावा. जोड बदलूनही अंगठा दुखत राहिला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवावे.