मागचं डिफरन्शियल आधी ओळख, मग तेल बदल

अरे, तुझी 2005 ची शेव्ही सिल्व्हराडो 1500 पिकअप ना? तिचं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी, दोन प्रकारचं असू शकतं: साधं, म्हणजे ओपन, किंवा चाक घसरलं की दोन्ही चाकं एकत्र जखडणारं, म्हणजे लॉकिंग. मग तेल विकत घ्यायच्या आधी ग्लोव्हबॉक्स उघड. आत तीन-तीन अक्षरांच्या कोडांनी भरलेलं स्टिकर असतं, मोबाइलच्या टॉर्चखाली सावकाश वाच. 'जी80' दिसलं, तर मागे ईटनचं लॉकिंग डिफरन्शियल आहे.

प्रकार ओळखायला चाक फिरवून बघायची युक्ती सगळे सांगतात: मागची दोन्ही चाकं उचलायची, एक हाताने फिरवायचं, दुसरं उलट फिरलं की ओपन. पण जी80 इथे हमखास चकवतं. दोन चाकांच्या वेगात साधारण 100 आरपीएमचा (मिनिटाला 100 फेऱ्यांचा) फरक पडल्याशिवाय ते लॉक होत नाही, त्यामुळे हाताने फिरवलं तर ओपनसारखंच वागतं. म्हणून स्टिकरवरच भरवसा ठेव.

एवढा आग्रह का, तर जी80मध्ये फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे तेलात मिसळायचं घर्षण कमी करणारं रसायन, घालायचा नसतो. आतल्या क्लचला पकड लागते, ती मॉडिफायरने जाते. दुकानदार 'घाला, बिघडत नाही' म्हणेल, ऐकू नकोस. साधं 75डब्ल्यू-90 सिंथेटिक पुरे.

डिफरन्शियलच्या झाकणाचे बोल्टही मोज, झाकणाखालचं गॅस्केट (गळती रोखणारी पट्टी) त्यावर ठरतं: 10 असतील तर डिफरन्शियल 8.6 इंची (आतल्या मोठ्या दातेरी चाकाचा व्यास), 14 असतील तर 9.5. आणि हो, तेल भरायचा प्लग आधी सैल करून बघ. तो गंजून बसलेला निघाला आणि तेल आधीच काढलेलं असेल, तर गाडी जागची हलवता येणार नाही.