हौशी दर्जा सोडण्यापूर्वी

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गोल्फच्या लगोलग दोन स्पर्धा जिंकल्यामुळे आता व्यावसायिक व्हावे, असे तुझ्या मनाने घेतलेले पत्रावरून कळले. तुझ्या खेळाबद्दल मला शंका नाही. कोणती गोष्ट आधी करावी आणि कोणती नंतर, एवढ्यापुरतेच लिहितो, आणि त्यासाठी गोल्फपटू अदिती अशोकची वाटचाल तू बारकाईने पाहावीस असे सुचवतो.

बंगळुरूच्या या मुलीने डिसेंबर २०१५ मध्ये मोरोक्कोत झालेली लेडीज युरोपियन टूरची (युरोपातल्या महिला व्यावसायिकांच्या स्पर्धामालिकेची) पात्रता स्पर्धा, म्हणजे क्यू-स्कूल, हौशी खेळाडू म्हणूनच खेळली आणि वयाच्या सतराव्या वर्षी जिंकली. टूरचे कार्ड, म्हणजे तिथे खेळण्याचा हक्क, पदरात पडल्यावरच, १ जानेवारी २०१६ रोजी, तिने हौशी दर्जा सोडला. आधी दर्जा सोडला असता आणि पात्रता हुकली असती, तर हौशी स्पर्धा बंद झाल्या असत्या आणि टूरवरही जागा नसती. दर्जा परत मिळवता येतो हे खरे; पण त्यासाठी अर्ज करून थांबावे लागते, आणि तुझ्या वयात असा वाया गेलेला मोसम महाग पडतो.

खर्च भागत नाही, हे तुझे दुसरे कारण. ते पूर्वी बिनतोड होते. १ जानेवारी २०२२ पासून नियम सैल झाले असून हौशी खेळाडूलाही आता स्वतःच्या नावावर प्रायोजक घेता येतो. ठरावीक रकमेपलीकडचे बक्षीस स्वीकारणे, व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरणे किंवा पैसे घेऊन शिकवणे यांमुळे मात्र दर्जा जातो. (रविवारी क्लबातल्या मुलांना शिकवतेस, त्याचे पाकीट कोणी देऊ केले तर नम्रपणे परत कर.)

बक्षिसाचा नियम किती कठोर आहे ते अमेरिकेच्या निक डनलॅपने अनुभवले आहे. जानेवारी २०२४ मध्ये विसाव्या वर्षी, अलाबामा विद्यापीठात शिकत असताना, त्याने हौशी म्हणूनच पीजीए टूरची (अमेरिकेतल्या पुरुष व्यावसायिकांच्या मालिकेची) स्पर्धा जिंकली आणि पहिल्या क्रमांकाचे पंधरा लाखांहून अधिक डॉलर दुसऱ्या आलेल्या क्रिस्तियान बेझायडनहाउटला मिळाले. काही दिवसांतच डनलॅप व्यावसायिक झाला. त्या विजयाने त्याला टूरवरची जागा मिळालेली होती, म्हणून मी त्याला उतावीळ म्हणणार नाही. तरीही २०२५ च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत पहिल्याच दिवशी त्याला ९० फटके लागले (या खेळात फटके जितके कमी तितके चांगले); दुसऱ्या दिवशी तोच ७१ खेळला.

असे दिवस अदितीलाही चुकले नाहीत. टोकियो ऑलिंपिकमध्ये आई कॅडी (बॅग सांभाळणारी साथीदार) होती, पटिंग, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलणे, अप्रतिम चालले होते, आणि तरी पदक एका फटक्याने गेले. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शेवटच्या दिवशी सात फटक्यांची आघाडी घेऊन उतरलेली ती ७७ खेळली आणि सुवर्णाचे रौप्य झाले. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे: दोन महिन्यांच्या आत तिने स्पेनमधली स्पर्धा जिंकली. दोन दिवसांनंतरच्या छाटणीत, म्हणजे कटमध्ये, गळल्यावर हॉटेल, प्रवास आणि कॅडी यांचा खर्च अंगावर घेऊन पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिल्या टीवर (पहिला फटका मारायच्या जागी) उभे राहणे, हे तुला यापुढे करायचे आहे.

तेव्हा तुझी गेल्या वीस फेऱ्यांची स्कोअरकार्डे मला पाठव. जिंकलेल्या स्पर्धांची नकोत. ज्यांत कट हुकला, त्यांची आधी पाठव.

तुझा,
काका