पीएमपीचे पैसे आत्ता भरू नका

स. न. वि. वि.

पत्र मिळालं. मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा करून दीड वर्ष रत्नागिरीत एका ठेकेदाराकडे साइट सुपरवायझर आहे. पुण्यातला एक क्लास साठ हजारांत ‘पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल हे प्रमाणपत्र) करा, प्रोजेक्ट मॅनेजर व्हा’ म्हणतोय, आणि आंब्याचे पैसे हातात आहेत तोवर भरून टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

भरू नका. आधी क्लासवाल्यांना विचारा, हा परीक्षेला बसू तरी शकतो का? ही परीक्षा अमेरिकेतली प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट घेते. पदवीधराकडे ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमावाल्याकडे ६०. तोही स्वतः काम पुढे नेल्याचा. नुसतं साइटवर उभं राहिल्याचा चालत नाही. शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. क्लास विकतो ते हे ३५ तास. बाकीचं तुमच्या मुलालाच कमवायचंय, आणि आज त्याच्याकडे जेमतेम १८ महिने आहेत.

प्रमाणपत्र निरुपयोगी आहे असं नाही. आखातात, मोठ्या सल्लागार कंपन्यांत, आयटीत अर्ज चाळताना ते बघतात. आपल्याकडचा ठेकेदार मात्र विचारतो एकच: पावसाआधी स्लॅब ओतून होईल का?

आणि खरं सांगू का, परीक्षेतला एक महत्त्वाचा धडा याच प्रश्नात आहे. जांभ्याचं घर घ्या. चिरा आला तर जोतं, जोतं झालं तर भिंती, भिंती उभ्या राहिल्या तर छप्पर, आणि छप्पर मिरगाआधी. चिऱ्याची गाडी आठवडाभर रखडली की छप्परही आठवडाभर पुढे जातं. कुंपणाचा गडगा मात्र दिवाळीनंतर घातला तरी बिघडत नाही. या न हलणाऱ्या साखळीला पुस्तकात ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी करणाऱ्या कुठल्याही आजीला हे कळतं. फरक इतकाच, की मुलाला ते कागदावर मांडून साहेबाला पटवता आलं पाहिजे. त्यासाठी एमएस प्रोजेक्ट किंवा प्रिमाव्हेरा हे कामाचं वेळापत्रक आखायचं सॉफ्टवेअर शिकू दे. साइटवर त्याचा उपयोग लगेच होतो.

कागद हवाच असेल तर त्याच संस्थेची सीएपीएम ही नवख्यांसाठीची परीक्षा आहे. तिला अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रशिक्षण पुरतं. पुढे पीएमपीला बसताना तिची मुदत संपलेली नसेल तर ते ३५ तास वेगळे दाखवावे लागत नाहीत. पण तिच्या जोरावर मॅनेजरची खुर्ची मिळेल, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

एक काम मात्र आजच सुरू करायचं: वही. कुठलं काम, कधीपासून कधीपर्यंत, खर्च किती धरला होता, यानं स्वतः काय ठरवलं, काय अडलं, कसं सोडवलं. एकाच वेळी दोन साइट सांभाळल्या तरी महिने एकदाच मोजले जातात, म्हणून तारखा नीट हव्यात. पीएमपीच्या अर्जात हे सगळं लिहावं लागतं आणि काही अर्ज तपासणीला काढतात. तेव्हा त्या वेळच्या वरिष्ठांची सही लागते.

सध्या पावसामुळे साइट थंडावली असेल. मागच्या दीड वर्षातलं आठवतंय तेवढं त्यानं आत्ताच लिहून काढावं आणि साहेबांना दाखवून ठेवावं, ते दुसरीकडे जायच्या आधी.