मोजणाऱ्या साधनातील बदल तपासताना

टिळकवाडी, बेळगाव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. लिनक्स कर्नलसोबत (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबत) येणाऱ्या, प्रोग्राम चालताना प्रोसेसरमध्ये काय घडते ते मोजणाऱ्या पर्फ या साधनातील बदल तपासण्याचे काम उद्यमबागेतील तुमच्या कार्यालयाने तुझ्याकडे सोपवले आहे, आणि कोड वाचता येतो पण त्यात नेमके काय पाहायचे हे कळत नाही, असे तू लिहिले आहेस. पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, समोर आला की लगेच मोकळ्या जागा आणि नावे यांवर शेरे मारण्याऐवजी तू आधी हे विचारलेस, याचे मला समाधान वाटते.

नेहमीच्या प्रोग्राममध्ये चूक राहिली तर तो बंद पडतो किंवा भलतेच काही करतो, आणि वापरणारा तक्रार करतो. मोजणाऱ्या साधनात चूक राहिली तर बहुतेक वेळा काहीच बंद पडत नाही. एक आकडा दिसतो, तो पटण्याजोगा असतो, आणि त्याच्यावर विसंबून कोणीतरी चांगला चाललेला कोड बदलून टाकतो. तुमचे घर चिकोडीकडचे, ऊस पिकवणारे आहे, त्यामुळे काटामारी, म्हणजे वजनात होणारी फसवणूक, म्हणजे काय हे तुला मी सांगायला नको. काट्यात खोट असली तर उसाची गाडी कितीही बारकाईने पाहिली तरी ती खोट दिसत नाही. म्हणून प्रत्येक पॅचला पहिला प्रश्न हा विचार की, या बदलानंतर वापरणाऱ्याला दिसणारा आकडा खरा राहतो का, आणि जिथे आकडा माहीतच नाही तिथे साधन तसे स्पष्ट सांगते का.

या प्रश्नाचा दुसरा भाग अधिक अवघड आहे, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहितो. प्रोसेसरमधील घटना मोजणारे हार्डवेअर काउंटर मोजकेच असतात. अनेक इंटेल प्रोसेसरांवर हायपरथ्रेडिंग (एका गाभ्यावर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन प्रवाह, चालवण्याची सोय) चालू असताना प्रत्येक थ्रेडच्या वाट्याला सर्वसाधारण वापराचे चारच येतात. पर्फ स्टॅट या मोजणीच्या आज्ञेला त्याहून जास्त घटना मोजायला सांगितल्या की कर्नल त्यांना पाळीपाळीने काउंटर देते आणि प्रत्येक घटनेसाठी दोन काळ नोंदवून ठेवते: ती घटना एकूण किती काळ चालू होती, आणि त्यापैकी प्रत्यक्षात किती काळ मोजली गेली. पहिल्या काळाला दुसऱ्याने भागून मूळ मोजणीला गुणले की अंदाजित आकडा मिळतो, आणि किती टक्के काळ खरी मोजणी झाली ते त्या ओळीच्या शेवटी कंसात छापले जाते. दुसरा काळ शून्य असेल तर अंदाजाला आधारच उरत नाही, आणि तेव्हा पर्फ 'नॉट काउंटेड' असे छापते. घटना त्या यंत्रावर मोजताच येत नसेल तर 'नॉट सपोर्टेड' असे छापते. हे दोन शेरे म्हणजे या साधनाचा प्रामाणिकपणा आहे, असे मी मानतो. आउटपुट नीटनेटके करण्याच्या किंवा पुढच्या स्क्रिप्टची सोय पाहण्याच्या हेतूने त्यांच्या जागी शून्य छापणारा पॅच आला, तर तो कितीही छोटा असो, तिथे थांब. कॅशे मिस (हवी ती माहिती प्रोसेसरजवळच्या जलद मेमरीत न सापडणे) शून्य आहेत आणि कॅशे मिस मोजलेच गेले नाहीत, या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आलेखावर एकदा शून्य उमटले की तो फरक पुन्हा सापडत नाही.

गुणोत्तरांचेही असेच आहे. एका सायकलमागे किती इन्स्ट्रक्शन पार पडल्या हा आकडा दोन्ही घटना एकाच काळात मोजल्या गेल्या तरच भरवशाचा. त्यासाठीच पर्फमध्ये महिरपी कंस घालून घटनांचा गट करण्याची सोय आहे. कोणी नवे मेट्रिक, म्हणजे घटनांवरून काढलेले असे गुणोत्तर, जोडले, तर त्यातील घटना एका गटात आहेत का, आणि तो गट उपलब्ध काउंटरांत मावला नाही तर काय होते, हे लेखकाला विचार. उत्तर आउटपुटच्या रूपात माग. तोंडी खात्रीवर समाधान मानू नकोस.

सॅम्पलिंगच्या, म्हणजे ठरावीक अंतराने नमुने घेण्याच्या, वाटेवर दोन गोष्टी पाहा. नमुने फाईलमध्ये नोंदवणारी पर्फ रेकॉर्ड ही आज्ञा काही न सांगता चालवले तर सेकंदाला 4000 नमुने घेण्याचा प्रयत्न करते. बफर (नमुने तात्पुरते साठवण्याची जागा) भरून नमुने गळाले, तर किती गळाले याची वेगळी नोंद कर्नल करते, आणि ती नोंद अहवाल पाहणाऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे; बदलामुळे तो इशारा कुठे गिळला जात नाही ना, हे तपास. दुसरी गोष्ट साधनाच्या स्वतःच्या भाराची. नमुने घेण्यातच प्रोसेसरचा फार वेळ जाऊ लागला तर कर्नल सॅम्पलिंगचा वेग खाली आणते, आणि ही मर्यादा मुळात 25 टक्क्यांवर ठेवलेली असते. नोंदी लिहिण्याच्या वाटेवर कोणी नवे काम घातले असेल, तर आधीचा आणि नंतरचा भार मोजून दाखवल्याशिवाय त्या पॅचला होकार देऊ नकोस.

नोंदींची फाईल एका यंत्रावर तयार होते आणि अनेकदा दुसऱ्या यंत्रावर, कित्येक वर्षांनीही, उघडली जाते. कर्नलला घटनेचे वर्णन देणाऱ्या रचनेत स्वतःचा आकार सांगणारे एक क्षेत्र आहे, ते याच कारणासाठी; पहिल्या आवृत्तीत ती रचना 64 बाइटांची होती आणि तेव्हापासून ती शेवटी भर घालत वाढत आली. म्हणून फाईलच्या मांडणीला हात लावणाऱ्या पॅचवर जुनी फाईल नव्या पर्फने आणि नवी फाईल जुन्या पर्फने उघडून पाहा. नव्या प्रकारची नोंद आली असेल तर तिचे बाइट उलटवणारे फंक्शन लिहिले आहे का तेही पाहा, कारण एस३९० सारखी मोठ्या टोकापासून बाइट मांडणारी (बिग-एंडियन) यंत्रे आजही वापरात आहेत. मेमरीविषयी इतकेच सांगतो की, घेतलेला प्रत्येक संदर्भ (मेमरीतील वस्तूवरचा ताबा) मध्येच चूक होऊन फंक्शन बाहेर पडते त्या वाटेवरही परत सोडला जातो का, हे फंक्शनच्या शेवटाकडून वर वाचत जा.

एक चाचणी तू करशील तशी इतर कोणी सहसा करणार नाही. पर्फ स्टॅट मोठे आकडे लोकेलप्रमाणे (यंत्रावर निवडलेल्या भाषा-प्रदेशाच्या पद्धतीप्रमाणे) स्वल्पविराम घालून छापते, त्यामुळे भारतीय लोकेलवर लाख-कोटीचे गट दिसतात, आणि तीन-तीन अंकांचे गट गृहीत धरणारी चाचणी किंवा स्क्रिप्ट तिथे अडखळते. आपल्याकडचे यंत्र आपल्याच लोकेलवर ठेवून चालवून पाहा. स्क्रिप्टने वाचायचे आउटपुट स्तंभविभाजक (स्तंभ वेगळे करणारे चिन्ह) देऊनच घेतले आहे ना, याचीही खात्री कर. मात्र कार्यालयाच्या क्लाउडवरील आभासी यंत्रावर झालेल्या चाचणीला चाचणी समजू नकोस. तिथे हार्डवेअर काउंटर पुष्कळदा दिसतच नाहीत, आणि सायकली मोजता आल्या नाहीत की पर्फ रेकॉर्ड घड्याळावर आधारित सॉफ्टवेअर घटनेकडे वळते. आज्ञा यशस्वी होते, पण ज्या वाटेची चाचणी करायची ती वाट चाललेलीच नसते.

तुझ्या इंग्रजीविषयी तू संकोचाने लिहिलेस. घरी मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड, आणि कामात इंग्रजी, अशा तीन भाषांत आपल्या सीमाभागातली मुले वाढतात, ही उणीव नाही. शेजारी बसणाऱ्या कन्नड सहकाऱ्याला तो बदल कन्नडमध्ये तोंडी समजावून सांग. जिथे तुला सांगता येणार नाही, तिथेच बहुधा पॅचमधला किंवा त्याच्या वर्णनातला कच्चा दुवा असतो. मग तो दुवा दोन साध्या इंग्रजी वाक्यांत प्रश्न म्हणून लिही, आणि कोणत्या आज्ञेवर काय दिसले ते जसेच्या तसे खाली जोड. लेखकाला दोष देण्याची गरज नसते.

'रिव्ह्यूड-बाय' ही ओळ तू सही समजून दे. कर्नलच्या दस्तऐवजात तिचा अर्थ सांगितला आहे: आपण तांत्रिक तपासणी केली आहे आणि आपल्या आक्षेपांची समाधानकारक उत्तरे मिळाली आहेत. फक्त चालवून पाहिले असेल तर 'टेस्टेड-बाय' दे. एकत्र आलेल्या पॅचांच्या मालिकेतले मोजकेच पॅच वाचले असतील तर तेवढ्यांवरच सही कर आणि उरलेले वाचले नाहीत असे लिही. पॅच स्वीकारणाऱ्या मेंटेनरला ते जास्त उपयोगाचे ठरते. सध्या तुझ्यासमोर असलेल्या मालिकेत प्रत्येक पॅच लावल्यावर कोड बांधला (कंपाइल) जातो का हे मात्र आधी पाहा, कारण मधल्याच पॅचवर कोड बांधला गेला नाही तर पुढे दोष शोधताना गिट बायसेक्ट, म्हणजे दोष कोणत्या बदलाने आला ते अर्धे-अर्धे करत शोधणारी आज्ञा, नेमकी तिथे अडते. तुझे शेरे पाठवण्यापूर्वी मला दाखवायचे असतील तर जरूर पाठव, मी वाचीन.

कळावे,
तुझा शुभचिंतक