वाचकांचे प्रश्न : पडद्यावर नसलेली रेघ आणि हेडसेटने थकणारे डोळे

प्रश्न : मी संगणकावर त्रिमितीय चित्रनिर्मिती शिकत आहे. एका गुळगुळीत घुमटाचे प्रारूप तयार केले, तेव्हा ज्या लहान सपाट त्रिकोणांनी त्याचा पृष्ठभाग बनला आहे त्यांपैकी दोन त्रिकोण जेथे जोडले जातात तेथे उजळ रेघा दिसू लागल्या. मी त्या जागच्या पिक्सेलच्या किमती, म्हणजे त्यांच्या उजेडाचे आकडे, एकेक करून तपासल्या. परंतु आपल्या दोन्ही बाजूंच्या पिक्सेलपेक्षा उजळ असा एकही पिक्सेल सापडला नाही. मग ही रेघ येते कोठून?

उत्तर : आपण पिक्सेलच्या किमती तपासल्यात, हे उत्तम केलेत, त्यामुळे रेघ पडद्यावर नाही एवढे तरी निश्चित झाले. ती आपल्या दृष्टिसंस्थेत तयार होते. एर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये या परिणामाचे वर्णन केले, म्हणून अशा रेघांना माखचे पट्टे म्हणतात.

समजा, एका ओळीतील पिक्सेलच्या किमती ११८, १२१, १२४, १२७, १२८, १२९, १३० अशा आहेत. १२७ पर्यंत उजेड तीन-तीनने वाढतो आणि तेथून पुढे एकेकाने. किमतींमध्ये कोठेही खंड नाही, फक्त वाढीचा वेग एकदम बदलतो. आणि नेमक्या त्याच जागी डोळ्याला उजळ पट्टा दिसतो. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की, दृष्टिपटलातील प्रत्येक जागेचा प्रतिसाद शेजारच्या जागांवर पडणाऱ्या उजेडाने काहीसा दाबला जातो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात उजेडाच्या निव्वळ मापापेक्षा त्याच्या बदलाला अधिक वजन मिळते. वस्तूंच्या कडा ओळखण्यासाठी ही व्यवस्था फार उपयुक्त आहे, मात्र गणिताने रंगवलेल्या पृष्ठभागावर ती नसलेली कड उभी करते.

आपल्या प्रारूपासाठी बहुधा १९७१ मध्ये आंरी गुरो यांनी मांडलेली पद्धत वापरली गेली असावी. तिच्यात प्रकाशाचे गणित त्रिकोणाच्या फक्त शिरोबिंदूंवर होते आणि मधले रंग सरळ प्रमाणाने भरले जातात, म्हणून दोन त्रिकोणांच्या सीमेवर वाढीचा वेग एकाएकी बदलतो. बुई तुओंग फोंग यांच्या १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीत पृष्ठभागाची दिशा प्रत्येक पिक्सेलसाठी काढून मग प्रकाशाचे गणित केले जाते. ती निवडल्यास रेघा बऱ्याच फिकट होतील. त्रिकोणांची संख्या वाढवूनही फरक पडतो, पण तो उपाय अधिक खर्चिक आहे.

प्रश्न : कामानिमित्त मला आभासी वास्तवाचा हेडसेट बराच वेळ वापरावा लागतो. दूरची दृश्ये पाहताना त्रास होत नाही. परंतु एखादी वस्तू हातात घेऊन जवळून पाहिली की ती धूसर किंवा दुहेरी भासते आणि थोड्याच वेळात डोळे जड होतात. पडदा डोळ्यांच्या इतक्या जवळ असल्यामुळे हे होते का?

उत्तर : पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरवर असतो हे खरे, तरी दोष त्या जवळिकीचा नाही. मधल्या भिंगांमुळे पडद्याची प्रतिमा दूरवर, अनेक हेडसेटमध्ये साधारणपणे दीड ते दोन मीटरवर, असल्यासारखी डोळ्यांना दिसते. खरी अडचण अशी की हे अंतर कायमचे ठरलेले असते.

जवळची वस्तू पाहताना डोळे एकाच वेळी दोन कामे करतात. दोन्ही बुबुळे आत वळून वस्तूवर रोखली जातात, आणि प्रत्येक डोळ्यातील नेत्रभिंग फुगून प्रतिमा स्पष्ट करते. प्रत्यक्ष जगात ही दोन्ही कामे नेहमी एकाच अंतरासाठी होतात, म्हणून मेंदूने ती एकमेकांना जोडून टाकली आहेत. एक सुरू झाले की दुसरे आपोआप त्याच्या मागे जाते. हेडसेटमध्ये ही जोडी तुटते. आपण ३० सेंटिमीटरवरची आभासी वस्तू पाहता, तेव्हा दोन डोळ्यांत सुमारे ६३ मिलिमीटर अंतर धरल्यास त्यांच्या दृष्टिरेषांमध्ये जवळजवळ १२ अंशांचा कोन व्हावा लागतो, तर दोन मीटरवरच्या वस्तूसाठी तो दोन अंशांहूनही कमी असतो. नेत्रभिंगाला मात्र ३० सेंटिमीटरसाठी लागणारी सुमारे ३.३ डायॉप्टरची (डायॉप्टर म्हणजे भिंगाच्या शक्तीचे माप, एक भागिले मीटरमधील अंतर) शक्ती लावून चालत नाही, कारण प्रतिमा दोन मीटरवर, म्हणजे अर्ध्या डायॉप्टरवर आहे. नेत्रभिंगाने बुबुळांचे अनुकरण केले तर वस्तू धूसर होते. बुबुळांनी नेत्रभिंगाचे अनुकरण केले तर ती दुहेरी दिसते. आपण सांगितलेली दोन्ही लक्षणे ही अशी आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील मार्टिन बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात वेगवेगळ्या अंतरांवर प्रतिमा दाखवू शकणारे उपकरण वापरले होते. दोन्ही अंतरे जुळवली, तेव्हा पाहणाऱ्यांना दोन डोळ्यांची चित्रे एकत्र करण्यास कमी वेळ लागला आणि थकवाही कमी झाला. आपल्याला होणारा त्रास हा मनाचा खेळ नाही, हे यातून स्पष्ट व्हावे. पन्नाशी ओलांडलेल्या व्यक्तींचे नेत्रभिंग बरेच ताठर झालेले असते आणि जवळच्या वस्तूसाठी ते एरवीही फारसे फुगत नाही, त्यामुळे तरुणांचा अनुभव त्यांना जसाच्या तसा लागू पडत नाही.

उपाय दोन पातळ्यांवर आहेत. दृश्य रचणाऱ्यांनी वाचण्याचा मजकूर आणि सतत पाहण्याच्या वस्तू एक मीटर किंवा त्याहून दूर ठेवाव्यात. ही साधी गोष्ट आजही अनेक ठिकाणी पाळली जात नाही, याचे मला वाईट वाटते. आपल्या हाती असलेले म्हणजे हेडसेटच्या भिंगांमधील अंतर आपल्या डोळ्यांमधील अंतराशी नीट जुळवून घेणे, जवळून पाहण्याचे काम सलग न करता मध्ये थांबून खऱ्याखुऱ्या दूरच्या वस्तूंकडे पाहणे, आणि हेडसेट काढल्यानंतरही दुहेरी दिसत राहिल्यास नेत्रतज्ज्ञांना दाखवणे.

प्रश्न : डोळ्याला फक्त मधल्या छोट्या भागातच स्पष्ट दिसते, असे वाचले. मग हेडसेट सगळे चित्र सारख्याच बारकाईने का काढतो?

उत्तर : तसे काढण्याची गरज नाही, आणि डोळ्यांच्या हालचाली टिपणारे काही हेडसेट आता तसे काढतही नाहीत. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी सुमारे दोन अंश भरते. अत्यंत स्पष्ट दृष्टीचा भाग साधारण तेवढाच असतो. निरोगी दृष्टीला एका अंशात सुमारे ६० पिक्सेलइतका बारकावा कळतो. तो १०० अंशांच्या चौरस दृश्यात सर्वत्र द्यायचा, तर एका डोळ्यासाठी ३ कोटी ६० लाख पिक्सेल लागतील, आणि तेही सेकंदाला ९० वेळा. म्हणून नजर जेथे आहे तेथे पूर्ण बारकावा आणि कडेला कमी, ही कल्पना स्वाभाविकच आकर्षक आहे.

तिच्यातील पहिली अडचण वेगाची आहे. नजर सेकंदाला अनेकदा उडी मारते. उडी चालू असताना दृष्टी काही काळ मंदावते, त्यामुळे संगणकाला थोडी सवलत मिळते. पण नजर स्थिरावल्यावर लगेच तेथे स्पष्ट चित्र हवे असते. दुसरी अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. दृष्टीचा कडेचा भाग बारकाव्यात कमकुवत असला, तरी हालचाल आणि लुकलुक टिपण्यात चांगलाच तरबेज असतो. कडेचे चित्र नुसते कमी पिक्सेलमध्ये काढले, तर डोके हलताच वस्तूंच्या कडा चमचमू लागतात आणि नजर तिकडेच खेचली जाते. तो भाग नुसताच धूसर केला, तर उजेड-अंधारातील फरक पुसला जाऊन आपण नळीतून पाहत आहोत असे वाटते. त्यामुळे कडेचा भाग गुळगुळीत करायचा आणि त्यातील उजेडाचा फरक मात्र वाढवून पूर्ववत ठेवायचा, असे दुहेरी काम करावे लागते.