घड्या, चुण्या, सुरकुत्या: फोटो सपाट का येतो?

चादर, चुरगळलेला कागद, नुकतं उलगडणारं पान, खडकातल्या वळ्या. तुम्ही पाठवलेल्या प्रश्नांतल्या वस्तू वेगवेगळ्या आहेत, पण बहुतेकांची तक्रार एकच आहे: डोळ्यांना जे दिसलं ते फोटोत उतरलं नाही. त्यामुळे यावेळी घड्यांचेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: पांढऱ्या चादरीच्या चुण्या टिपायच्या आहेत. फोटोत चादर करडी येते आणि चुण्या पुसट. कॅमेरा बदलू का?

नको. ती करडी का येते ते आधी बघा. कॅमेऱ्याचा मीटर समोरची वस्तू मध्यम करडी आहे असं धरून चालतो, म्हणून पांढरं तो काळपटवतो आणि काळं फिकटवतो. पांढऱ्या कापडाला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरनं ठरवलेला उजेड कमीजास्त करण्याची सोय) +१ पासून सुरू करा आणि हायलाइटची सूचना (तपशील गेलेले पांढरेफटक भाग लुकलुकवून दाखवणारी) चालू ठेवा. चुणीच्या माथ्यावर ती लुकलुकायला लागली की तिसरा हिस्सा स्टॉप मागे या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). काळ्या कापडाला हेच उलट, -१ पासून. चुण्या पुसट येण्याचं कारण वेगळं आहे, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न: घड्यांसाठी दिवा नेमका किती अंशांवर ठेवायचा? सगळे ४५ सांगतात.

सगळे सांगतात, कारण सगळ्यांनी तो आकडा चेहऱ्यांच्या फोटोंवरून उचललाय. घडीला नाक नसतं. दिवा किती उंच हा नंतरचा प्रश्न. आधी घडी कुठल्या दिशेला धावते ते बघा आणि उजेड तिच्यावर आडवा पाडा.

ए-फोर आकाराचा कोरा कागद मधोमध दुमडा, पुन्हा जवळजवळ पूर्ण उघडा आणि बुटक्या छपरासारखा टेबलावर ठेवा. खोलीतले बाकी दिवे बंद करा. मोबाइलची टॉर्च घडीच्या एका टोकाला, घडीच्याच रेषेत धरा. दोन्ही उतारांवर सारखा उजेड पडतो आणि घडी जवळपास नाहीशी होते. फार तर एक बारीक रेघ उरते. आता टॉर्चची उंची न बदलता कागदाभोवती पाव फेरी मारा. एक उतार उजळतो, दुसरा काळवंडतो आणि मधली कड सुरीसारखी वर येते. आपण फोटो काढतो तो या दोन उतारांतल्या फरकाचा. घडी म्हणून वेगळं काही लेन्समध्ये शिरत नाही.

आता उंची. समजा दोन्ही उतार १० अंशांचे आहेत. दिवा टेबलापासून ६० अंश वर असेल, तर जवळच्या उतारावर पलीकडच्या उताराच्या जेमतेम सव्वापट उजेड पडतो, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याइतक्या स्टॉपचा फरक. तोच दिवा १५ अंशांवर उतरवा: फरक जवळजवळ पाचपट, सव्वादोन स्टॉपच्या आसपास. १० अंशांच्या खाली गेलात तर पलीकडचा उतार पूर्ण सावलीत जातो. म्हणून उथळ चुण्यांना १० ते २० अंश, खोल चुण्यांना ३० ते ४०. पडद्याच्या खोल चुण्यांवर १५ अंशांचा उजेड टाकलात, तर एका चुणीची सावली दुसरीला गिळते आणि हाती नुसते काळे पट्टे येतात.

इथवर जमलं की पुढची चूक ठरलेली: दिवा फार जवळ. कागदाची रुंदी ३० सेंटिमीटर आणि दिवा जवळच्या कडेपासून ३० सेंटिमीटरवर असेल, तर लांबच्या कडेला चौथा हिस्साच उजेड पोचतो. एक बाजू जळते, दुसरी बुडते. दिवा १२० सेंटिमीटरवर न्या, हा फरक साधारण दीडपटीवर येतो. त्या अंतरावर १५ अंश म्हणजे टेबलापासून सुमारे ३२ सेंटिमीटर उंची. पट्टीनं मोजा. अंदाजानं ठेवलेला दिवा नेहमी वरच ठेवला जातो.

सावल्या फार गडद वाटल्या तर समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करा आणि तो पुढेमागे सरकवत बघा. दुसरा दिवा लावू नका. तो पहिल्यानं केलेलं काम पुसतो. छतावरची ट्यूब चालू राहिली तरी तेच होतं. कागदाच्या टोकदार मोडीला छोटा, उघडा दिवा चांगला. कापडाच्या मऊ चुण्यांना खिडकी, किंवा दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर. मात्र तो तापणाऱ्या बल्बला चिकटवू नका. चुरगळलेल्या कागदात मोडी सगळ्या दिशांना असतात, त्यामुळे काही हरवणारच. कागद फिरवत राहा आणि कुठल्या हव्यात ते ठरवा.

एवढं करूनही जमलं नाही, तर फसलेल्या फोटोबरोबर दिवा, वस्तू आणि कॅमेरा तिन्ही दिसतील असा लांबून काढलेला एक फोटो पाठवा. नुसता फसलेला फोटो बघून सांगितलेला उपाय म्हणजे अंदाजपंचे.

प्रश्न: रंगीत की कृष्णधवल?

रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) काढा, नंतर ठरवा.

प्रश्न: वाळूवरच्या लाटांचा फोटो काढला, पण खळगे उंचवट्यांसारखे दिसतात. लेन्समध्ये दोष आहे का?

लेन्स निर्दोष आहे. उजेड वरून येतो असं आपला मेंदू गृहीत धरतो. तुमच्या फोटोत तो खालच्या कडेकडून आला असणार, म्हणून खोलगट भाग फुगीर वाटतो. फोटो १८० अंश फिरवून बघा, खळगे जागेवर येतील. पुढच्या वेळी उजेड फ्रेमच्या वरून किंवा वरच्या कोपऱ्यातून येईल असे उभे राहा.

प्रश्न: मोबाइलवर काढलेल्या फोटोत घड्या दबतात. ‘टेक्श्चर’ प्रीसेटचा (एडिटिंगच्या तयार सेटिंगचा) संच विकत घ्यावा का? क्लिपवाली मॅक्रो लेन्स लावू का?

दोन्ही नको. मोबाइलचं एचडीआर सावल्या उचलतं आणि उजळ भाग दाबतं, म्हणजे जो फरक तुम्ही दिवा हलवून मिळवला तोच पुसून टाकतं. सेटिंगमध्ये बंद होत असेल तर बंद करा. होत नसेल तर प्रो मोड किंवा रॉ वापरा, किंवा उजळ भागावर बोट ठेवून एक्स्पोजर थोडं खाली ओढा. प्रीसेट कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवतो. सपाट उजेडातल्या फोटोवर तो लावला की घडीऐवजी कापडाची वीण आणि फोटोतले दाणे वर येतात, आणि कडांभोवती पांढरी झालर दिसते. जाहिरातीतला ‘आधी’चा फोटो नीट बघा: उजेड तिथे आधीपासूनच तिरका असतो. विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

क्लिपच्या लेन्सनं वस्तूच्या इतकं जवळ जावं लागतं की मोबाइलचीच सावली पडते. त्यापेक्षा मागे सरका, दुप्पट किंवा तिप्पट ऑप्टिकल झूम असेल तर तो वापरा आणि उरलेलं क्रॉप करा. विकत काही घ्यायचंच असेल, तर आधी कुणाची तरी लेन्स मागून स्वतःच्या दिव्याखाली वापरून बघा.

प्रश्न: मॅक्रो लेन्सनं पानाची घडी पूर्ण शार्प येत नाही. एफ/२२ लावूनही नाही.

एफ/२२ (लेन्सचं अगदी बारीक छिद्र) लावलंत म्हणूनच नाही. एकास एक मॅग्निफिकेशनला, म्हणजे सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटते तेव्हा, छिद्राचं परिणामी मूल्य दुप्पट होतं. एफ/२२ हे एफ/४४ सारखं वागतं आणि डिफ्रॅक्शन (बारीक छिद्रातून जाताना प्रकाशाचं पसरणं) सगळंच मऊ करतं. दुसरीकडे, एफ/८ ला फुल फ्रेम कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर मिळते. तेव्हा एक तर सेन्सर घडीच्या माथ्याला समांतर आणा आणि तेवढीच रेघ शार्प ठेवा. पुष्कळदा तेच बरं दिसतं. नाहीतर फोकस स्टॅकिंग, म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत काढलेल्या फ्रेम नंतर एकत्र जोडणं. घडीची खोली ८ मिलिमीटर असेल तर एफ/८ ला ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या पायऱ्यांनी १२ ते १५ फ्रेम, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर लावून, पंखा बंद करून. एफ/८ लाही मधला भाग मऊच येत असेल तर लेन्स सर्व्हिस सेंटरला दाखवा. घरी स्क्रू उघडू नका.

प्रश्न: चुरगळलेल्या फॉइलसाठी लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावला तरी चकाकी जात नाही.

धातूवरच्या थेट चकाकीला तो लागू पडत नाही. मेणचट पानावर किंवा ओल्या दगडावर पडतो. फॉइलचा प्रत्येक पैलू म्हणजे छोटा आरसा, तेव्हा आरशात काय दिसावं ते ठरवा: एका बाजूला मोठा पांढरा कागद, दुसऱ्या बाजूला काळा.

प्रश्न: नव्या पानाच्या घड्या फार सुंदर आहेत. मॅक्रो लेन्स पुढच्या महिन्यात येणार आहे. तोवर थांबू?

थांबून काय टिपणार? बीच किंवा हॉर्नबीमसारख्या झाडांचं पान कळीत पंख्यासारखं, शिरांच्या रेषेत दुमडलेलं असतं आणि उघडलं की काही दिवसांत सपाट होतं. ताडाच्या पानाच्या घड्या टिकतात, या पानांच्या नाहीत. हातात जी लेन्स आहे तिनं उद्या सकाळी काढा. आणि पान तोडून घरी आणू नका: ते मलूल झालं की घडीची कड ढिली पडते आणि तुम्ही सुकण्याचा फोटो काढता. बाग संस्थेची असेल तर ट्रायपॉडबद्दल तिथल्या माळ्याला आधी विचारा.

महागडी साधनं नाहीत म्हणून अडून बसलेल्यांसाठी: अमेरिकन छायाचित्रकार एडवर्ड वेस्टननं १९३० साली ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपली आणि १९३१ साली कोबीचं एक पान. दोन्हींत वस्तू साधी आहे आणि उजेडाची दिशा नेमकी.

प्रश्न: खडकातल्या वळ्यांनाही हाच तिरका उजेड लागतो का?

नेहमी नाही. कापलेल्या कड्यावर वळी दिसते ती थरांच्या रंगातल्या फरकामुळे. तिथे ढगाळ हवेतला सपाट उजेडच बरा, कारण तिरक्या उन्हात खडकाचा खडबडीतपणा पुढे येतो आणि थर तुटक दिसतात. कॅमेरा कड्याला समांतर धरा आणि मापासाठी एक पट्टी फ्रेममध्ये ठेवा. कड्याच्या पायथ्याशी उभे राहू नका. फोटोखाली ‘अपनती’ (वर फुगलेली वळी) किंवा ‘अभिनती’ (खाली वाकलेली वळी) लिहिण्याआधी भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. तिरपे साचलेले थरही दुरून वळीसारखेच दिसतात.

प्रश्न: घरात एक जुनं, चार घड्यांचं पत्र सापडलं आहे. घड्यांसकट फोटो हवा, पण अक्षरंही वाचता यायला हवीत. हलकी इस्त्री फिरवून काढू का?

इस्त्री फिरवू नका. हलकी नाही, कापड ठेवून नाही, वाफेची तर मुळीच नाही. घडीवर तंतू आधीच तुटलेले असतात. उष्णतेनं जुना कागद आणखी ठिसूळ होतो, वाफेनं शाई पसरू शकते. चिकटपट्टी लावू नका आणि वर काच ठेवून दाबू नका.

पत्र सहज उघडत असेल तर स्वच्छ, कोरड्या हातांनी उघडा, जेवढं आपणहून पसरेल तेवढंच, आणि दोन वेगळे फोटो काढा. वाचण्यासाठी दोन्ही बाजूंनी सारखे दोन दिवे, ४५ अंशांवर (हो, इथे ४५ चालतात, कारण इथे घडी लपवायची आहे). घड्यांसाठी एकच दिवा, १५ अंशांवर. चार घड्यांच्या कागदात मोडी दोन दिशांना असतात, म्हणून दिवा कागदाच्या कोपऱ्याकडून आणा, म्हणजे उभी आणि आडवी दोन्ही दिसतात. कॅमेरा वरून, कागदाला समांतर. दिवे एलईडीचे, आणि फोटो झाला की लगेच बंद.

उघडताना कागद जराही करकरला, किंवा मोडीवर आरपार उजेड दिसला, तर तिथेच थांबा. आहे त्या स्थितीत मोठ्या पाकिटात सपाट ठेवा आणि कागदाचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. फोटो तो उघडून देईल तेव्हा काढता येईल.